सडकेवर अपघात झाला तर

आपल्या गावांजवळून आता मोठ्या सडका जातात. पुणे-सोलापूर सडक आहे, मुंबई-आग्रा सडक आहे, मुंबई-गोवा सडक आहे. सडकेमुळे आपला माल बाजारात लवकर पोचतो. आजारी माणूस तालुक्याला लवकर जातो. पण सडकेबरोबर अपघातही आले. मोटारसायकल घसरते, ट्रक उलटतो, जीप झाडावर आदळते. त्या वेळी तेथे डॉक्टर नसतो, पोलीस नसतो. तेथे आपण असतो. कोणी शेतात पाणी देत असतो, कोणी एस.टी.ची वाट पाहत असतो.

अपघात झाला की बघायला गर्दी जमते. मदतीला हात मात्र थोडेच पुढे येतात. माणसांना दया नसते असे नाही. त्यांना भीती असते. "हात लावू नकोस बाबा, पोलिसांचं लचांड मागे लागेल," असे कोणी म्हणतो. "दवाखान्यात पैसे तुझ्याकडंच मागतील," असे दुसरा म्हणतो. ही भीती पूर्वी अगदीच खोटी नव्हती. पण आता कायदा बदलला आहे. तो काय आहे ते पुढे पाहू. आधी काय करायचे ते समजून घेऊ.

आधी आपला जीव सांभाळा

मदत करायला गेलेला माणूसच गाडीखाली सापडला तर काय उपयोग? म्हणून सडकेवर एकदम धावू नका. दोन्ही बाजू पाहा. दोघांनी सडकेच्या दोन बाजूंना शंभरेक पावले दूर उभे राहावे. त्यांनी सडकेच्या कडेलाच थांबावे. दिवसा कापड हलवावे, रात्री बॅटरी दाखवावी, म्हणजे मागून येणाऱ्या गाड्या हळू होतील.

आपटलेल्या गाडीचे इंजिन चालू असेल तर किल्ली फिरवून बंद करा. जवळ कोणी विडी पेटवू नये. विजेची तार तुटून गाडीवर पडली असेल तर गाडीला हात लावू नका. आधी वीज बंद करवून घ्या.

टँकर उलटला तर बादल्या, कळशा घेऊन तेल भरायला मुळीच धावू नका. एक ठिणगी पडली तर सगळे भाजून निघतात. बायकामुलांना लांब न्या.

फोन करा

महाराष्ट्रात २०१४ सालापासून १०८ नंबरची रुग्णवाहिका आहे. फोनला पैसे नाहीत, गाडीलाही पैसे नाहीत. पोलीस किंवा आगीचा बंब हवा असेल तर ११२ नंबर लावा. राष्ट्रीय महामार्गावर १०३३ हाही नंबर चालतो.

फोनवर घाई करू नका. चार गोष्टी नीट सांगा. अपघात कोठे झाला? किती माणसे जखमी आहेत? कोणी गाडीत अडकले आहे काय? कोणी बेशुद्ध आहे काय? पलीकडच्या माणसाने फोन ठेवल्याशिवाय आपण ठेवू नका.

जागा सांगताना "मोठ्या वडाजवळ" म्हणून भागत नाही. गाडीवाला परगावचा असतो. सडकेच्या कडेचा दगड पाहा. राष्ट्रीय महामार्गाच्या दगडाचा माथा पिवळा असतो, राज्य महामार्गाचा हिरवा असतो. दगडावर गावाचे नाव आणि किलोमीटरचा आकडा असतो. आपल्याला आता वाचता येते. तो आकडा वाचून सांगितला तर गाडी नेमकी जागेवर येते. वाचायला शिकल्याचा असाही उपयोग आहे.

जखमी माणसाकडे पाहा

जो मोठ्याने ओरडतो त्याच्याकडे सगळे धावतात. पण ओरडणाऱ्याचा श्वास चालू आहे. जो गप्प पडला आहे त्याच्याकडे आधी पाहा. खांद्यावर थोपटून हाक मारा. छाती वरखाली होते काय ते पाहा.

श्वास चालू आहे पण शुद्ध नाही, अशा माणसाला उताणे ठेवले तर रक्त किंवा ओकारी घशात अडकते. त्याला हळूच कुशीवर वळवा. वळवताना डोके, मान आणि पाठ एका रेषेत ठेवा. मान एकटी वळू देऊ नका.

श्वास बंद असेल तर माणसाला कठीण जागेवर उताणे निजवा. एका हाताचा तळवा छातीच्या मधोमध ठेवा, दुसरा हात त्यावर ठेवा. कोपरे ताठ ठेवून दाबा आणि सोडा. छाती दोन इंच खाली गेली पाहिजे. एका मिनिटात १०० ते १२० वेळा दाबायचे. एक दमला की दुसऱ्याने दाबावे. रुग्णवाहिका येईपर्यंत थांबू नये.

रक्त वाहत असेल तर स्वच्छ कापडाची घडी जखमेवर ठेवून घट्ट दाबा. उपरणे चालेल, पदर चालेल. आपल्या हाताला प्लॅस्टिकची पिशवी गुंडाळली तर बरे. रक्त थांबले काय म्हणून घडी उचलून पाहू नका. घडी भिजली तर वर दुसरी ठेवा आणि दाबून धरा. काच किंवा सळई आत रुतली असेल तर ती उपटू नका. तिच्या कडेने दाबा.

हे करू नका

जखमी माणसाला पाणी, चहा पाजू नका. तहानलेल्याला पाणी देणे हा आपला धर्म, हे खरे. पण बेशुद्ध माणसाच्या छातीत पाणी जाते आणि तो गुदमरतो. शुद्धीवर असला तरी पुढे शस्त्रक्रिया करावी लागली तर भरलेले पोट धोक्याचे असते.

नाकाला कांदा किंवा चप्पल लावू नका. जखमेत हळद, चुना, माती, राख भरू नका.

हातपाय धरून कोणाला ओढू नका. पाठीचा कणा मोडला असेल तर ओढाताणीने माणूस जन्माचा पांगळा होतो. आग लागली, गाडी पाण्यात चालली, असा धोका असेल तरच हलवा. तेव्हाही चारपाच जणांनी मिळून, पाठ सरळ ठेवून, एकदम उचला. अंगावर घोंगडी घाला. "घाबरू नका, गाडी येत आहे," असे बोलत राहा.

चालकाला मारू नका. चूक कोणाची ते कोर्ट ठरवील. जखमीचे पैसे, दागिने, मोबाइल चार माणसांसमोर पोलिसांच्या हवाली करा. फोटो काढत उभे राहू नका.

कायदा काय म्हणतो

अपघातानंतरचा पहिला तास फार मोलाचा असतो. त्या तासात इलाज झाला तर पुष्कळ जीव वाचतात. म्हणून मदत करणाऱ्याला कायद्याने आधार दिला आहे.

जखमीवर आधी इलाज करावा, पोलिसांचे कागद मागाहून, असे सर्वोच्च न्यायालयाने १९८९ सालीच सांगितले. २०१६ साली त्याच न्यायालयाने मदत करणाऱ्यांच्या संरक्षणाचे नियम देशभर लागू केले. २०१९ साली मोटार कायद्यात तसे कलम आले आणि २०२० साली त्याचे नियम झाले.

त्यांचा अर्थ सोपा आहे. जखमीला दवाखान्यात पोचवून आपण घरी जाऊ शकतो. नाव-पत्ता सांगण्याची सक्ती नाही. साक्षीदार होण्याची सक्ती नाही. आपण खुशीने साक्षीदार झालो तर आपल्या सोयीच्या जागी, सोयीच्या वेळी विचारपूस होते. दवाखाना आपल्याकडे पैसे मागू शकत नाही. चांगल्या मनाने मदत केली आणि तरी माणूस दगावला, तर त्याचा दोष आपल्यावर येत नाही.

हे संरक्षण मदत करणाऱ्याला आहे. ज्याच्या गाडीने अपघात झाला त्याने पळून जायचे नाही. जखमीला मदत करणे आणि पोलिसांना कळवणे हे त्याचे कर्तव्यच आहे.

जखमीच्या घरच्यांनाही एक गोष्ट सांगा. २०२५ सालच्या मे महिन्यात केंद्र सरकारने एक योजना लागू केली. तिच्यात अपघातातील जखमीला नेमलेल्या रुग्णालयात सात दिवसांपर्यंत, दीड लाख रुपयांपर्यंत, पैसे न भरता उपचार मिळतात.

गावाची तयारी

सडकेवरच्या हॉटेलात किंवा ग्रामपंचायतीत एक पेटी ठेवा. तिच्यात स्वच्छ कापड, पट्ट्या आणि बॅटरी असावी. शेजारी एक घोंगडी आणि एक लांब फळी ठेवा. भिंतीवर मोठ्या अक्षरांत १०८ लिहा. ज्यांना अजून वाचता येत नाही, त्यांना हा पाठ आज रात्री वाचून दाखवा. सडकेवर उद्या कोण पडेल, ते कोणी सांगावे? तो परका असेल, नाही तर आपल्याच घरचा असेल. दोघांनाही मदत सारखीच लागते.