कोतवालाचा हात कुठवर

कोतवाल म्हटलं की मराठी माणसाला घाशीराम आठवतो, आणि १७९१ साली पुण्यात त्याची काय गत झाली तेही. पेशवाई बुडाली तरी हैदराबादेत कोतवालाची गादी शाबूत होती. पहिले सालारजंग दिवाण असतानाचा (१८५३ ते १८८३) तिथल्या कोतवालाचा एखादा दिवस डोळ्यांपुढे आणून पाहू.

पहाट. बांग झाली की तटाचे दरवाजे उघडायचे. अफझल दरवाजा, दिल्ली दरवाजा, लाल दरवाजा, सगळीकडे बाहेर गवळी आणि भाजीवाले खोळंबलेले. दरवाज्यावरच्या जवानांशी त्यांची हुज्जत कोतवालाच्या कानावर येत नाही, किंवा आली तरी येत नाही.

सकाळी आठ. चौक्यांचे रोजनामचे येतात. कुठे घरफोडी, कुठे विहिरीत प्रेत, कुठल्या सराईत कोण परका उतरला. परक्यांची नोंद हे जुनंच काम. घरांची आणि सरायांची दखल ठेवणं अबुल फज्लनेही आइन-इ-अकबरीत कोतवालाच्याच माथी मारलं आहे. पण १८७४ मध्ये वाडीहून रेल्वे आली आणि ही नोंद अवघड झाली. पुण्यामुंबईचा माणूस आता गाडीत बसून थेट येतो. वेशीवर कोण कुणाला विचारणार?

दहा. बाजार. वजनमापंही कोतवालाचीच. मीर आलम मंडीत जवान तराजू उचलतो, पारडी रिकामीच लोंबू देतो आणि काटा बघतो. एक बाजू गव्हाच्या दाण्याएवढी खाली. पारडं उलटं केलं तर तळाला चिंचेचा गोळा, त्यावर धूळ चोळून रंग मिळवलेला. पासंग काढायची ही युक्ती इतकी जुनी की वाणी लाजतही नाही. दंड भरतो, गोळा खरवडतो. उद्या मेण लावील.

दुपार. फिर्यादी. समजा परभणीकडचा एक शेतकरी कुणा उमरावाच्या देवडीवर, म्हणजे वाड्यावर, कामासाठी आलाय आणि सराईत त्याचा कमरेचा कसा गेला.

“हुजूर, चोर मी पाहिलाय. पूल ओलांडून गेला.”

“कुणीकडे?”

“रेसिडेन्सी बाजारात.”

संपलं. मुशीपलीकडचा तो बाजार इंग्रज रेसिडेंटाच्या अंमलाखाली. सिकंदराबादेत इंग्रजी छावणी. कोतवालाने तिकडे पत्र लिहायचं आणि उत्तराची वाट बघायची. नदीअलीकडे तरी सगळं त्याचं असावं, तर पायगा नावाच्या बड्या उमराव घराण्यांच्या देवड्यांत शिरायची सोय नाही. अरब जमादार कर्ज वसूल करायला माणसं आपल्याच कोठड्यांत डांबत. त्यांना आवरण्यात खुद्द सालारजंगांची बरीच वर्षं गेली. चिंच लावणारा वाणी आणि किरकोळ उचल्या एवढेच कोतवालाला बिनतक्रार सापडत. त्यांच्यावर मग त्याचा जोर जरा जास्तच चाले, असं मला वाटतं.

मोहरमच्या दहाव्या दिवशी असलं वेळापत्रक नसतंच. हत्तीवरून बीबीचा अलम निघतो, दबीरपुऱ्याहून चादरघाटाकडे, आणि अख्खं शहर रस्त्यावर. पहाटेपासून रात्रीपर्यंत एकच काम: गर्दी.

संध्याकाळ. दिवाणाकडे खबर. १७ जुलै १८५७ रोजी तुर्रेबाझ खान आणि मौलवी अल्लाउद्दीन रोहिल्यांना घेऊन रेसिडेन्सीवर चालून गेले, तेव्हापासून रोहिला म्हटलं की दरबाराचे कान टवकारत. १८७९ मध्ये त्याला आणखी कारण मिळालं. वासुदेव बळवंत फडके निजामाच्या मुलखात रोहिले आणि अरब जमवायच्या खटपटीत होते. मेजर डॅनियल आणि निजामाच्या पोलिसांतले बडे अधिकारी अब्दुल हक त्यांच्या पाठीवर होते. जुलैच्या २० तारखेच्या सुमारास विजापूरकडच्या देवर नावदगीला तापाने फणफणलेले फडके पकडले गेले. शहरातल्या कोतवालाचा हात पूल ओलांडत नव्हता, आणि हे पथक इंग्रज मेजराच्या जोडीने परमुलखात घोडे पिटाळत होतं! मुभा कुणाच्या कामासाठी मिळते, ते यातून कळतं.

रात्र. दरवाजे बंद, गस्त सुरू. पुढे सहावे निजाम महबूब अली पाशा वेष पालटून रात्री गल्ल्यांतून हिंडत, असं जुने हैदराबादी कौतुकाने सांगतात. गस्तीवरच्या जवानाचं त्याबद्दलचं मत कुणी विचारलेलं दिसत नाही.

रेसिडेन्सी बाजार निजामाकडे परत आला तो १९३३ साली; त्याचा सुलतान बाजार झाला. तेव्हा कोतवाल होते राजाबहादूर वेंकटराम रेड्डी. १९२० पासून ते त्या जागेवर होते, आणि निवृत्तीला जेमतेम वर्ष उरलं होतं.