मैलापूरची पहाटफेरी

पहाटेचे साडेपाच. मैलापुरात कपालीश्वराच्या देवळाभोवतीचे रस्ते अजून दिव्यांच्या उजेडातच आहेत. डिसेंबर संपत आला तरी चेन्नईचा पारा विशीच्या फारसा खाली उतरत नाही, पण इथल्या आजोबांना तेवढी थंडी पुरते. डोक्याला माकडटोपी आणि गळ्याला मफलर गुंडाळूनच ते बाहेर पडतात. दारोदारी सडे घालून झालेत, बायका वाकून तांदळाच्या पिठीचे कोलम काढताहेत, काही कोलमांच्या मधोमध शेणाच्या गोळ्यात भोपळ्याचं पिवळंधमक फूल खोचलंय. वळणापलीकडून आधी चिपळ्या ऐकू येतात. मग टाळ. मग मोठ्यांच्या जाडसर आवाजांवर तरंगत येणारा मुलांचा आवाज.

चिपळ्या हा शब्द मी मराठी सवयीने वापरलेला नाही. त्या मुलांच्या हातातल्या वाद्याला तमिळमध्येही ‘चिप्ला कट्टै’च म्हणतात. कट्टै म्हणजे लाकूड. शब्द आपल्याकडून गेला आणि तिथलं लाकूड त्याला जोडलं गेलं. कसा गेला, ते पुढे येईलच.

तमिळ पंचांगात या महिन्याचं नाव मार्गळी. सूर्य धनू राशीत असतो तो काळ, साधारण १६ डिसेंबर ते १३ जानेवारी. म्हणजे आपला धुंधुरमास. आपल्याकडे त्यातली पहाट जिभेवर राहिली: बाजरीची भाकरी, लोणी, मुगाची खिचडी, वांग्याचं भरीत, आणि सूर्य वर यायच्या आत जेवण. तमिळ देशात ती गळ्यातही राहिली. मुगाची डाळ, तांदूळ, मिरी आणि तूप यांचा वेण्पोंगल देवळात नैवेद्याला असतोच, तो आपल्या खिचडीचा सख्खा भाऊ. पण त्याआधी गाणं झालं पाहिजे. आणि ते एकट्यानं गायचं नाही, सगळ्यांनी मिळून गायचं. बाहेरगावच्या माणसाला डिसेंबरातलं चेन्नई म्हणजे संगीतसभांचं चेन्नई. १९२७ च्या मद्रास काँग्रेस अधिवेशनाला जोडून झालेल्या संगीत परिषदेतून म्युझिक अकॅडमी उभी राहिली आणि तिच्याभोवती हा सगळा ‘सीझन’ वाढला. त्या मंचांबद्दल भरपूर लिहिलं गेलं आहे. मला ओढ आहे ती अनवाणी पायांनी चालणाऱ्या या गायकवृंदाची.

ते गातात तिरुप्पावै. बारा आळ्वारांमधली, म्हणजे वैष्णव संतकवींमधली, एकमेव स्त्री, आंडाळ, हिची ही तीस पदं. त्यांची मांडणीच अशी आहे की ती एकट्याने गाणं विसंगत वाटावं. गोकुळातल्या मुली व्रत धरतात. पहाटे उठून न्हायला निघतात. आणि ज्या अजून झोपल्या आहेत त्यांच्या दाराशी जाऊन हाका मारतात. सहाव्या पदापासून पंधराव्यापर्यंत दहा पदं याच कामाला दिली आहेत. एकेका दाराशी एकेक पद, दर वेळी मेळा एका मुलीने वाढतो. पंधरावं पद तर बाहेरच्या मुली आणि आतली झोपाळू मैत्रीण यांच्यातला सवालजबाब आहे. मग सगळ्या मिळून नंदाच्या वाड्यावर जातात आणि शेवटी कृष्णालाच उठवतात. म्हणजे हजार-बाराशे वर्षांपूर्वीच्या या काव्याचा विषयच मुळी मुलींचा गायकवृंद जमवणं हा आहे. आज देवळाभोवतीच्या माड रस्त्यावर आठ वर्षांची मुलगी डोळे चोळत घरातून बाहेर येते आणि चालत्या मेळ्यात सामील होते, तेव्हा गाण्यातली गोष्ट आणि रस्त्यावरची गोष्ट वेगळी काढता येत नाही.

शैवांची याच महिन्यातली रचना तिरुवेंपावै. ती माणिक्कवाचकरांची, वीस पदांची. तिला त्यांच्याच तिरुप्पळ्ळियेळुच्चीची, म्हणजे देवाच्या भूपाळीची, दहा पदं जोडली की तिचीही तीस होतात. कपालीश्वर शिवाचं देऊळ आहे, पण इथली मुलं दोन्ही गातात. विसाव्या शतकाच्या मध्यावर कांची मठाच्या चंद्रशेखरेंद्र सरस्वतींनी या दोन्ही ‘पावै’ मुलांच्या तोंडी याव्यात म्हणून मोठा आग्रह धरला आणि शाळाशाळांतून पाठांतराच्या स्पर्धा सुरू झाल्या. स्पर्धांनी पदं घरोघर नेली हे खरं. तरी मला स्पर्धेच्या मंचापेक्षा रस्ता अधिक प्रिय आहे, आणि त्याचं कारण संगीताचंच आहे.

कर्नाटक संगीताची शिकवणी एकट्या मुलाला घडवते. सरळी वरिसै, जंटै वरिसै, अलंकार, गीतम्, वर्णम् अशी पायरीपायरीने चढत ते कृतीपर्यंत पोचतं, आणि प्रत्येक पायरीवर कान त्याच्याकडेच असतात. चूक त्याची, शाबासकीही त्याची. गल्लीतल्या पाट्टु मामीकडे, म्हणजे गाणं शिकवणाऱ्या मावशीकडे, चार-पाच मुलं एकत्र बसली तरी उद्देश चार-पाच वेगळे गायक घडवण्याचाच असतो. मार्गळीच्या तालमीला तीच मुलं येतात आणि नियम उलटे होतात. इथे स्वतःचा आवाज वेगळा ऐकू आला की समजायचं, काहीतरी चुकतंय.

पहिला प्रश्न पट्टीचा. तिथेही मोजणी आपल्यासारखीच, हार्मोनियमच्या पट्ट्यांवरून. आपण ‘पांढरी पाच’ म्हणतो, ते ‘अंजु कट्टै’ म्हणतात, पाच लाकडं. आपली ‘काळी चार’ म्हणजे त्यांची साडेपाच. पुरुष साधारण एक कट्टैच्या आसपास गातात. मुलींना आणि आवाज न फुटलेल्या मुलग्यांना पाच-साडेपाच सोयीची. मोठ्यांच्या पट्टीत मुलांना ओढलं की खालचे स्वर पुटपुटले जातात आणि वरचे किंचाळले जातात. म्हणून शहाणी मामी मुलांची पट्टी धरते आणि काकालोकांना जमेल तसं जुळवून घ्यायला लावते. तडजोड मोठ्यांनी करायची, हा या तालमीतला मला सर्वांत आवडलेला नियम.

मग ओळ. मामी एकदा गाते, मुलं झेलतात. पुन्हा गाते, पुन्हा झेलतात. वह्या असतात, पण पहाटेच्या अंधारात वही वाचता येत नाही, त्यामुळे सगळं कानानेच उतरवायचं. जुन्या तमिळमधले कितीतरी शब्द मुलांना कळत नाहीत. मामी थांबून अर्थ सांगते, पक्ष्यांचा किलबिलाट, ताक घुसळण्याचा आवाज, बांगड्यांची किणकिण, आणि मुलं पुढच्या वेळी तोच शब्द जरा वेगळा म्हणतात. श्वास कुठे घ्यायचा हेही ठरवावं लागतं. सगळ्यांनी एकाच जागी घेतला तर ओळीला भोक पडतं. म्हणून शेजाऱ्याने घेतला की आपण घ्यायचा नाही. बसून जमलेलं चालताना मोडतं, तेव्हा शेवटच्या तालमी गच्चीवर चालत चालतच होतात. आठ मात्रांचा आदि ताल पावलांत बसला की लहानग्यांना हाताने ताल धरावा लागत नाही.

या पदांना आज सर्वत्र रूढ असलेल्या चाली अरियक्कुडी रामानुज अय्यंगारांच्या. एम. एल. वसंतकुमारींच्या ध्वनिमुद्रणाने त्या घराघरांत पोचल्या. पहिल्या पाच पदांचे राग ओळीने पाहा: नाट्टै, गौळ, आरभी, वराळी, श्री. त्यागराजांच्या पंचरत्न कृतींचे हेच पाच घनराग, त्याच क्रमाने. पाच पहाटांत मुलाच्या कानावरून पाचही जातात. त्यातल्या वराळीबद्दल तर जुनी समजूत आहे की गुरूने तो शिष्याला समोर बसवून शिकवू नये, नातं बिघडतं. शिष्याने ऐकून उचलावा. मेळ्यात तो प्रश्नच येत नाही, कारण इथे सारं ऐकूनच उचललं जातं.

मैलापूरच्या या फेरीला आजचं रूप ज्यांच्यामुळे आलं ते पापनाशम शिवन. १८९० साली तंजावर भागातल्या पोलगम गावी जन्मलेले हे रामय्या. अंगभर भस्म लावून भजन करणाऱ्या या तरुणाला लोकांनी ‘शिवन’ म्हणायला सुरुवात केली आणि तेच नाव राहिलं. पुढे ते मैलापूरला आले. तमिळ चित्रपटांसाठी त्यांनी लिहिलेली गाणी घरोघर गायली जात, ‘तमिळ त्यागराज’ ही पदवी लोकांनीच दिली, १९७१ साली अकॅडमीचा संगीत कलानिधी हा मान मिळाला. पण मार्गळी लागली की पहाटे चारी माड रस्त्यांवरून भजन करत निघायचं, हा नेम त्यांनी दशकानुदशकं पाळला. एवढा मोठा वाग्गेयकार, आणि त्याच्यामागून चालणाऱ्या मुलाला त्याची नवी रचना ऐकायला तिकीट लागत नसे, ओळखही लागत नसे. लवकर उठलं की झालं. १९७३ साली ते गेले. फेरी थांबली नाही. आधी कन्या रुक्मिणी रमणी आणि मग नातू अशोक रमणी यांनी ती पुढे नेली.

शिवन ज्या मुलखातून आले, त्या मुलखावर १६७६ च्या सुमारापासून १८५५ पर्यंत भोसल्यांचं राज्य होतं. चिपळ्यांचा रस्ता हाच. कावेरीकाठी बोधेंद्र, श्रीधर अय्यावाळ आणि मरुदानल्लूरचे सद्गुरु स्वामी या तिघांनी नामसंकीर्तनाची जी पद्धत बसवली, तिच्यात संस्कृत, तेलुगू, तमिळ, कन्नड पदांच्या पंगतीत अभंगही मानाने बसले. तिथल्या भजनात आजही पुंडलीकवरदाचा गजर होतो, आणि तमिळ हरिकथेत साकी, दिंडी, ओवी ही वृत्तं त्याच नावांनी गायली जातात. मोरगावकर बुवांसारखे कीर्तनकार एकोणिसाव्या शतकात तंजावरला गेले आणि तिथल्या कृष्ण भागवतरांनी त्यांची कला आपल्या गळ्यात मुरवली. उंछवृत्ती, म्हणजे गात गात दारोदार फिरून शिधा घेणं, हा त्यागराजांचा रोजचा क्रम. आपण त्याला माधुकरी म्हणू. मैलापूरच्या मुलांना यातलं काही ठाऊक नसतं. पण एखाद्या पहाटे मामी मध्येच विठ्ठलाचं पद उचलते आणि ळ अचूक म्हणणारी ती तमिळ मुलं ‘विठ्ठला’ची हाक अशी लांबवतात की मराठी माणसाचा पाय थबकतो.

याच दिवसांत शहराच्या दुसऱ्या टोकाला रात्री मुलं गात हिंडत असतात. नाताळाआधी चर्चचे मेळे घरोघर ‘कॅरल राउंड’ला निघतात, बरोबर लाल अंगरख्यातला ‘ख्रिसमस ताता’, म्हणजे नाताळ आजोबा. तिथली तालीम वेगळी: आवाज चार थरांत विभागायचे आणि शेजारचा दुसराच स्वर गात असताना आपला सोडायचा नाही. मद्रास म्युझिकल असोसिएशन १८९३ पासून ही विद्या या शहरात जपत आली आहे. हे दोन प्रवाह एकत्र आणण्याचं अवघड काम एम. बी. श्रीनिवासन यांनी केलं. रागाला थर चढवले की राग बिघडतो, ही भीती रास्त आहे. त्यांनी १९७० च्या दशकाच्या आरंभी मद्रास यूथ क्वायर उभा करून भारतीय भाषांतली गाणी, विशेषतः सुब्रह्मण्य भारतींची, अशी बांधली की चाल ओळखीची राहिली आणि आवाज मात्र अनेक झाले. चित्रपटसंगीतात नाव असलेला हा माणूस नोकरीधंदा करणाऱ्या हौशी तरुणांना शिकवत बसायचा.

आणखी एक मराठी धागा इथे सांगितल्याशिवाय राहवत नाही. चेन्नईच्या मुलांच्या कार्यक्रमांत हटकून ऐकू येणारं ‘मैत्रीं भजत’ हे संस्कृत गीत एम. एस. सुब्बलक्ष्मींनी १९६६ साली संयुक्त राष्ट्रसंघात गायलं. शब्द चंद्रशेखरेंद्र सरस्वतींचे. चाल वसंत देसाईंची, कुडाळजवळच्या सोनवड्यात जन्मलेल्या आणि आपल्याकडे हजारो शाळकरी मुलांकडून एका वेळी गाणी गाऊन घेणाऱ्या वसंत देसाईंची. मुलांच्या गळ्याला काय झेपतं हे ज्याला कळत होतं त्याची ती चाल. म्हणूनच ती सुब्बलक्ष्मींच्या गळ्यातून उतरून पाचवीतल्या मुलीच्या गळ्यात इतकी सहज बसते.

महिना मात्र शाळेच्या वेळापत्रकाने चालत नाही. मार्गळी लागते तेव्हा सहामाही परीक्षा चालू असते. मेळ्यात मोठेच जास्त, मुलं तुरळक, त्यातही एखादी ओठातल्या ओठात पदाऐवजी इतिहासाची उत्तरं म्हणत असते. नाताळची सुटी लागली की रस्ता भरतो. हाच मेळ्याचा बहराचा आठवडा. आजोळी आलेली मुलं, रेशमी पावाडै, म्हणजे परकर, नेसलेल्या मुली, बाबांच्या खांद्यावर पेंगणारी चार वर्षांची. फेरी देवळात शिरते, शेवटचं पद होतं, आणि द्रोणात वाफाळता पोंगल पडतो. त्या द्रोणाला तिथे ‘तोन्नै’ म्हणतात.

जानेवारीच्या दोन-तीन तारखेला शाळा उघडतात, पण मार्गळीचे दहा-अकरा दिवस उरलेले असतात. आंडाळच्या सत्ताविसाव्या पदात कोपरापर्यंत तूप ओघळेल अशा गोड दूधभाताचं वर्णन आहे. त्या दिवशी तसाच तुपाळ अक्कारवडिसल होतो आणि मेळा पुन्हा फुगतो. हे दिवस सूर्याजवळून वेगाने जाणाऱ्या पृथ्वीचे, त्यामुळे हा सौरमास बऱ्याचदा एकोणतीस दिवसांतच आटोपतो. पदं मात्र तीस. मग शेवटच्या पहाटे, भोगीला, दोन पदं एकदम गायची. तेव्हा मुलं शाळेच्या गणवेशातच आलेली असतात, पाठीवर दप्तर, वेण्या घट्ट घातलेल्या. तिसावं पद संपतं, चिपळ्या पिशवीत जातात, आणि तोन्नैमधला पोंगल फुंकर घालून घाईघाईने खात ती पोरं बसच्या थांब्याकडे पळतात.