खुनी आधीच कळला, तर मग वाचायचं काय?

बाबूराव अर्नाळकर, सुहास शिरवळकर किंवा अगाथा ख्रिस्तीचे अनुवाद वाचत वाढलेला वाचक आपल्याकडे पुष्कळ आहे. शेवटच्या पानाआधी खुनी ओळखायचा, ही त्याची हौस. अशा वाचकाच्या हातात मानसशास्त्रीय थरारकादंबरी दिली की बरेचदा तक्रार येते: ‘यात खुनी आधीच सांगून टाकलाय, मग वाचायचं काय?’ आज आपण याचं उत्तर बघू, आणि कोणत्या क्रमाने वाचलं तर ही वाट सोपी होईल तेही.

आधी फरक लक्षात घेऊ. रहस्यकथेत आपण तपास करणाऱ्याच्या शेजारी उभे असतो. प्रेत सापडतं, वेळा जुळवल्या जातात, संशयितांची यादी होते, शेवटी विस्कटलेली घडी बसते. मानसशास्त्रीय थरारकथेत आपली जागा बदलते. आपण गुन्हा करणाऱ्याच्या, नाहीतर ज्याच्यावर तो होणार आहे त्याच्या डोक्यात शिरतो. साधासुधा माणूस इथवर आला कसा, हे आता कोडं होतं.

सुरुवात करावी ती जपानच्या केइगो हिगाशिनोपासून. ‘द डिव्होशन ऑफ सस्पेक्ट एक्स’ (२००५) या कादंबरीत एका बाईच्या हातून तिच्या पूर्वीच्या नवऱ्याचा खून होतो, तोही आपल्या डोळ्यांदेखत. शेजारी राहणारा गणिताचा शिक्षक तिला वाचवायला पुढे येतो. इथे पोलीस आहेत, तपास आहे, शेवटचा धक्काही आहे. त्यामुळे जुनी सवय मोडत नाही. पण वाचता वाचता एक गोष्ट जाणवते: हे दोघे सापडू नयेत असं आपल्यालाच वाटायला लागलेलं असतं!

दुसरी पायरी, रूथ रेंडेलची ‘अ जजमेंट इन स्टोन’ (१९७७). ही लेखिका पहिल्याच वाक्यात खून कोणी केला, कोणाचा केला आणि का केला, सगळं सांगून टाकते. युनिस पार्चमन ही इंग्लंडमधल्या एका सुखवस्तू घरात कामाला असलेली बाई. तिला लिहिता-वाचता येत नाही, आणि ते लपवण्यात तिचं आयुष्य गेलंय. मालकीणबाईंनी ठेवलेली साधी चिठ्ठीसुद्धा तिला धमकीसारखी वाटते. घरातली माणसं दुष्ट नाहीत, उलट तिच्याशी बरीच वागतात. पण त्यांचं प्रत्येक चांगलं वागणं तिच्या गुपिताच्या जवळ सरकत जातं, आणि शेवट माहीत असूनही आपण मनात म्हणत राहतो, आत्ता कोणीतरी थांबवा. इथे भीती पुढे काय होणार याची नसते. ती लाजेची असते, आणि शेजारच्या माणसाच्या मनातलं आपल्याला किती कमी दिसतं याची असते.

तिसरी, पॅट्रिशिया हायस्मिथची ‘द टॅलेंटेड मिस्टर रिप्ले’ (१९५५). एका श्रीमंत अमेरिकन बापाने इटलीत रमलेल्या मुलाला परत आणायला टॉम रिप्लेला पाठवलंय. टॉमला मात्र तो मुलगाच व्हायचंय: त्याचे कपडे, त्याचं नाव, त्याचं जगणं. दुसऱ्याचं बघून आपण कमी पडतो असं कोणाला वाटलं नाही? हायस्मिथ तिथेच बोट ठेवते. टॉमची थाप पचली की आपण सुटकेचा श्वास टाकतो, आणि मग आपलीच आपल्याला धास्ती वाटते.

मग ख्रिस्तीकडे परत या. ‘एंडलेस नाइट’ (१९६७) मध्ये ना पॉयरो, ना मिस मार्पल. मायकेल रॉजर्स नावाचा तरुण स्वतःची गोष्ट सांगतो. याहून जास्त आम्ही काही बोलणार नाही. सांगणाऱ्यावर विश्वास किती ठेवायचा, एवढंच बघत वाचा.

या कादंबऱ्या वाचताना पुरावे गोळा करण्याची घाई नको. पात्र स्वतःची समजूत कुठे घालतंय, काय सांगायचं टाळतंय, आणि मुख्य म्हणजे आपण नेमके कोणत्या पानावर त्याच्या बाजूला गेलो, ते पाहायचं. रहस्यकथा संपली की गुन्हेगार कोठडीत जातो आणि आपण निश्चिंत झोपतो. या कादंबऱ्या ती निश्चिंती देत नाहीत. खुनी आणि आपण यांच्यातलं अंतर आपण समजत होतो तेवढं नाही, हे त्या दाखवतात. खुनी आधीच कळल्यावर वाचायचं ते हे.

आता प्रश्न घेऊ या.