आतड्याचा कॅन्सर : आडवाटेच्या गाठी

मोठ्या आतड्यातलं रक्त पोर्टल शिरेतून आधी यकृतात जातं, म्हणून तिथल्या कॅन्सरचा पहिला मुक्काम बहुतेकदा यकृत, हे मागच्या भागात पाहिलं. गुदाशयाच्या अगदी खालच्या टोकाचं बरंच रक्त मात्र यकृताला बगल देऊन हृदयाकडे आणि तिथून फुप्फुसात जातं. तिथल्या कॅन्सरची पहिली गाठ कधी कधी फुप्फुसातच सापडते, ती यामुळे. पण एखाद्याला ऑपरेशननंतर दोन वर्षांनी मांडीच्या स्नायूत, थायरॉइडमध्ये, डोक्याच्या कातडीवर किंवा प्लीहेत गाठ येते, त्याचं काय?

हे कोडं जुनं आहे. लंडनचे सर्जन स्टीफन पॅजेट यांनी 1889 साली स्तनाच्या कॅन्सरने दगावलेल्या 735 स्त्रियांच्या शवविच्छेदनाच्या नोंदी तपासल्या. 241 जणींच्या यकृतात गाठी होत्या, प्लीहेत फक्त 17 जणींच्या. रक्त तर प्लीहेलाही भरपूर मिळतं. म्हणजे पेशी पोचणं वेगळं आणि रुजणं वेगळं. पॅजेट यांनी बी आणि जमीन अशी भाषा वापरली, ती पेणच्या खारेपाटात कुणाला समजावून सांगावी लागणार नाही. उधाणाने बांधाला खांड पडून खारं पाणी शेतात शिरलं की रोह्याकडे कालव्यावर उत्तम येणारं भाताचं बियाणं तिथे जळून जातं. मग पनवेलच्या खारभूमी संशोधन केंद्राने काढलेल्या खार सोसणाऱ्या जाती शोधाव्या लागतात. कॅन्सरच्या गाठीतून रोज असंख्य पेशी रक्तात सुटतात आणि जवळजवळ सगळ्या मरतात. स्नायू सतत हलतो, त्यात आम्ल साचतं. प्लीहेत प्रतिकार करणाऱ्या पेशींची दाटी असते. तिथे तग धरते ती खार सोसणारी एखादीच.

वाटाही एकाहून जास्त असतात. 1940 मध्ये ऑस्कर बॅटसन यांनी पाठीच्या कण्याभोवतीच्या शिरांचं जाळं दाखवून दिलं. या शिरांना झडपा नसतात. खोकताना, कुंथताना पोटातला दाब वाढला की रक्त तिथून उलटंही वाहतं, आणि यकृत-फुप्फुस दोन्ही टाळून पेशी मणक्यापर्यंत जाऊ शकते. पोटाच्या अस्तरावरून पसरलेल्या पेशी स्त्रियांच्या अंडाशयात रुजतात. तरुण बाईचं पोट फुगलं आणि सोनोग्राफीत अंडाशय मोठं दिसलं, तर मूळ आतड्यात असू शकतं. बेंबीत येणाऱ्या कडक गाठीला तर एका नर्सचं नाव आहे. अमेरिकेत डॉ. विल्यम मेयो यांच्याबरोबर काम करणाऱ्या सिस्टर मेरी जोसेफ यांच्या लक्षात आलं, की अशी गाठ असलेल्या रोग्याच्या पोटात कॅन्सर पसरलेला असतो.

अशा गाठीला घरचे ‘दुसरा कॅन्सर झाला’ म्हणतात. बहुतेक वेळा ते खरं नसतं. थायरॉइडमध्ये वाढली तरी ती पेशी आतड्याचीच असते, आणि औषधंही आतड्याच्या कॅन्सरचीच लागतात. म्हणून सुईने तुकडा काढून तपासावाच लागतो. सीके-20 आणि सीडीएक्स-2 या खुणा सापडल्या आणि सीके-7 नसली, तर पॅथॉलॉजिस्टचं बोट सहसा आतड्याकडे वळतं. खारघरचं टाटाचं केंद्र, अ‍ॅक्ट्रेक, रायगड जिल्ह्यातच आहे. पेण-रोह्याहून परळपर्यंत जाण्याआधीच ते लागतं. जाताना जुना बायोप्सी रिपोर्ट, ब्लॉक आणि स्लाइड बरोबर न्याव्यात. नुसती ‘ऑपरेशन झालंय’ एवढी माहिती घेऊन येणाऱ्यांचे निम्मे हेलपाटे त्यापायीच होतात, असं माझं मत आहे.

एक अडचण राहतेच. ऑपरेशननंतरच्या तपासणीत पहिली दोन वर्षं दर तीन ते सहा महिन्यांनी सीईए ही रक्ताची चाचणी करतात, ठरावीक काळाने छाती-पोटाचा सीटी स्कॅनही. त्या स्कॅनमध्ये मांडी येत नाही, मेंदू येत नाही, डोक्याची कातडी येत नाही. तिथली गाठ डॉक्टरांना बहुधा रोग्याच्या तोंडूनच कळते. लावणी करून पाठ धरली असेल असं म्हणत रात्री झोप मोडणारी कंबरदुखी महिनाभर अंगावर काढणाऱ्याने, आपलं आतड्याचं ऑपरेशन झालेलं आहे, हे गावातल्या डॉक्टरला पहिल्याच भेटीत सांगावं.

(पुढच्या भागात : यकृतातली गाठ कापून काढता येते तेव्हा)