मेघांतील अदृश्य वस्ती आणि आपला औषधांचा डबा

ढग म्हणजे निव्वळ वाफ, असे आपण सहज म्हणतो. वस्तुतः तो पाण्याच्या सूक्ष्म थेंबांचा व हिमकणांचा समूह असतो आणि त्या थेंबांत जीवही असतात. माती, झाडांची पाने व समुद्राच्या लाटा यांवरून वाऱ्याने उचललेले जिवाणू आणि बुरशीचे बीजाणू तेथवर पोहोचतात.

मध्य फ्रान्समध्ये पुई द दोम हा १,४६५ मीटर उंचीचा, आता शांत असलेला ज्वालामुखी आहे. त्याच्या माथ्यावरील वेधशाळा अनेकदा ढगांनी वेढलेली असते. तेथे गोळा केलेल्या ढगांच्या पाण्यात दर मिलिलिटरमागे सरासरी सुमारे ८,००० जिवाणू आढळले.

हे जिवाणू पर्जन्यालाही हातभार लावतात. शुद्ध पाण्याचा सूक्ष्म थेंब शून्याखाली, अगदी उणे ३८ अंश सेल्सिअसच्या आसपासपर्यंत, द्रवरूप राहू शकतो. गोठण्यासाठी त्याला एखाद्या कणाचा आधार लागतो. बहुतेक धूलिकण हा आधार बऱ्याच कमी तापमानाला देतात. पानांवर राहणारा ‘स्यूडोमोनास सिरिंजी’ हा जिवाणू मात्र आपल्या विशिष्ट प्रथिनामुळे पाण्याच्या रेणूंची बर्फासारखी मांडणी घडवतो व उणे २ अंशांच्या सुमारासच हिमकण तयार होऊ शकतो. हिमकण वाढून जड होतात, खाली येताना वितळतात आणि पाऊस पडतो. त्या सरींबरोबर जिवाणूही भूमीवर परततात.

याच शिखरावरील ढगांविषयी २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेला अभ्यास मात्र विचार करायला लावतो. प्रतिजैविकांना दाद न देण्याची क्षमता जिवाणूंना देणारी जनुके त्या पाण्यात सापडली. माणसांच्या व जनावरांच्या उपचारांत या औषधांचा बेसुमार वापर झाल्याने असे जिवाणू वाढले आहेत.

म्हणून पावसाचे भय बाळगण्याचे कारण नाही. ढगांतील बरेच जिवाणू मृत असतात आणि जनुक सापडणे म्हणजे रोग होणे नव्हे. काळजी घ्यायची ती घरातील औषधांच्या डब्याची. उतारवयात मूत्रमार्गाचा वा फुप्फुसांचा जंतुसंसर्ग लवकर गंभीर होतो. अशा वेळी औषध लागू पडलेच पाहिजे. त्यासाठी साध्या सर्दीला प्रतिजैविकाचा आग्रह धरू नये. मागील आजारातील उरलेल्या गोळ्या आजी-आजोबांना परस्पर देऊ नयेत. डॉक्टरांनी सांगितलेला डोस आणि दिवस आपल्या मनाने कमी-जास्त करू नयेत.

आभाळापर्यंत पोहोचलेली ही खूण पुसणे आपल्या हाती नाही. ती अधिक गडद न होऊ देणे मात्र आहे.