फिरती रंगभूमी : भाग ९ – वरदेच्या दोन्ही तीरांवर

फिरत्या नाट्योत्सवात दोन गोष्टी एका गावाहून दुसऱ्या गावी जातात: नाटक आणि ते करणारी माणसे. नाटक तीन-चार तासांत संपते. माणसे किती दिवस राहिली, कुठे जेवली, कोणाच्या ओसरीवर बसली, यावर मात्र दोन गावांचा संबंध ठरतो. मागे नाटक कंपन्यांचा जमाखर्च पाहताना ही बाजू राहून गेली होती. खरे तर या भागात पूर्व विदर्भातल्या झाडीपट्टीचा नाट्यहंगाम यायचा होता. पण मध्येच एका वाचकाची शंका आली: पुलगाव–आर्वी या छोट्या गाडीलाही लोक ‘शकुंतला’ म्हणत, ते नाव ‘संगीत शाकुंतल’वरून पडले काय?

नाटक १८८० चे आणि पुलगाव–आर्वी मार्ग १९१७ चा. त्यातही ‘शकुंतला’ हे नाव गाजले ते यवतमाळ–मूर्तिजापूर–अचलपूर गाडीमुळे. गाडी आणि नाटक यांची गाठ नावापुरतीच आहे आणि नावावरून नाते जोडण्याची हौस वऱ्हाडात जुनी आहे. शंका एवढ्यात मिटते. मात्र तिच्या निमित्ताने आर्वी समोर आली आणि आर्वीच्या आसपास नाटकाचा इतका जुना ऐवज पडलेला आहे की झाडीपट्टीने आठवडाभर थांबायला हरकत नाही.

आर्वी वर्धा नदीच्या पूर्वेला आहे. नदी ओलांडली की अमरावती जिल्हा लागतो आणि काठावरच कौंडण्यपूर. परंपरा त्याला विदर्भाची राजधानी कुंडिनपूर मानते. हे रुक्मिणीचे माहेर. तिची पालखी अजूनही इथून पंढरपूरला जाते. संस्कृत ग्रंथांत वर्धेचे नाव वरदा असे येते. कालिदासाच्या ‘मालविकाग्निमित्र’ नाटकात विदर्भाचे राज्य दोन चुलतभावांत वाटले जाते आणि त्या वाटणीची सीमा म्हणून वरदा नदी ठरते. आज वर्धा आणि अमरावती या जिल्ह्यांची हद्दही बऱ्याच अंतरापर्यंत हीच नदी आहे. राजे गेले, इंग्रज गेले, कालिदासाने सांगितलेली शीव तशीच राहिली.

याच नाटकाचे आणखी दोन धागे फिरत्या उत्सवाशी जुळतात. नाटक वसंतोत्सवात होत आहे असे सूत्रधार प्रारंभीच सांगतो. म्हणजे उत्सव आणि प्रयोग यांची जोडी तेव्हाच पक्की होती. दुसरा धागा अधिक मजेदार आहे. विदर्भाची राजकन्या मालविका विदिशेकडे निघते, वाटेत तांडा लुटला जातो आणि ती ओळख लपवून विदिशेच्या राजवाड्यात दासी म्हणून राहते. तिथे गणदास तिला नृत्याभिनय शिकवतो. पुढे गणदास आणि हरदत्त या दोन नाट्याचार्यांत श्रेष्ठ कोण यावरून वाद पेटतो आणि निकालासाठी दोघांनी आपापल्या शिष्येचे काम दाखवावे असे ठरते. परीक्षक म्हणून एक परिव्राजिका बसते. पहिला प्रयोग विदर्भकन्येचा होतो, निकालही तिच्याच गुरूच्या बाजूने लागतो आणि प्रतिस्पर्ध्याची पाळी टळते. राज्य नाट्यस्पर्धेच्या निकालावर रात्रभर भांडणाऱ्या हौशी मंडळींना या प्रसंगात ओळखीचे बरेच काही सापडेल.

भवभूती तर विदर्भाचाच. आठव्या शतकातल्या या नाटककाराचे मूळ गाव पद्मपूर. ते आजच्या गोंदिया जिल्ह्यातील आमगावजवळचे, असे अभ्यासक मानतात. त्याची तिन्ही नाटके, ‘महावीरचरित’, ‘मालतीमाधव’ आणि ‘उत्तररामचरित’, कालप्रियनाथाच्या यात्रेसाठी जमलेल्या लोकांपुढे झाल्याचे त्यांच्या प्रस्तावनांत आहे. ही यात्रा उज्जैनची की काल्पीची यावर पंडितांनी पुष्कळ शाई खर्च केली. फिरत्या रंगभूमीच्या दृष्टीने महत्त्वाचे एवढेच की विदर्भाच्या लेखकाचे नाटक परमुलखातल्या जत्रेत, गावोगावच्या यात्रेकरूंसमोर उभे राहिले.

‘मालतीमाधव’चे कथानक तर दोन शहरांच्या सोयरिकीवरच उभे आहे. एक सहाध्यायी पुढे कुंडिनपूरच्या राजाचा मंत्री झाला, दुसरा पद्मावतीच्या राजाचा. आपल्या मुलांची लग्ने एकमेकांच्या घरी करायची असा शब्द त्यांनी शिकत असतानाच दिलेला. म्हणून माधवला शिक्षणाच्या निमित्ताने कुंडिनपुराहून पद्मावतीला धाडले जाते. पद्मावती म्हणजे ग्वाल्हेरजवळचे पवाया. प्रेम जुळते ते माधव तिथे मुक्कामाला असतो म्हणून, आणि ते तडीस नेते ती कामंदकी नावाची भिक्षुणी, तीही त्या दोन मंत्र्यांबरोबर शिकलेली. एका शहराचा मुलगा दुसऱ्या शहरात काही काळ राहिला नाही तर या नाटकाला सुरुवातच नाही.

मधली शतके ओलांडून मराठी नाटकाकडे यावे तर तिथेही फिरतीचे मूळ आश्रय सुटण्यात सापडते. विष्णुदास भावे यांचे ‘सीतास्वयंवर’ ५ नोव्हेंबर १८४३ रोजी सांगलीत झाले ते तिथले संस्थानिक चिंतामणराव पटवर्धन यांच्या आधाराने. १८५१ मध्ये चिंतामणराव वारले, दरबारचा हात आखडला आणि भाव्यांना नटसंच घेऊन बाहेर पडावे लागले. १८५३ साली त्यांनी मुंबईत तिकीट लावून खेळ केले. बोरीबंदर ते ठाणे आगगाडी धावली तीही त्याच वर्षी. पुढची साठ-सत्तर वर्षे नाटक कंपन्यांच्या दौऱ्याचा नकाशा आणि रेल्वेचा नकाशा एकमेकांवर ठेवले तर बरेचसे जुळतात.

१८६७ मध्ये लोहमार्ग नागपूरला पोचला. आर्वीची नगरपालिकाही त्याच वर्षीची. आर्वी कापसाची मोठी पेठ. जिनिंग-प्रेसिंगचे कारखाने, हंगामात रांगेने उभ्या बैलगाड्या, व्यापाऱ्यांच्या हाती रोकड. गावाचे जुने नाव आर्वी तेलंगराव. ज्या तेलंगरावांनी गाव वसवले त्यांना हिंदू ब्राह्मण म्हणत, मुसलमान आपला वली म्हणत आणि समाधीवर दोघेही डोके टेकत. अशा गावाला नाटकाचे वावडे असण्याचे कारण नव्हते. अडचण वाटेची होती. मुख्य मार्ग पुलगाववरून जातो आणि तिथून आर्वी सुमारे ३५ किलोमीटर आत. अडीच फूट रुंदीच्या रुळांवरची छोटी गाडी सुरू होईपर्यंत हे अंतर बैलगाडीनेच कापायचे होते. ती गाडीही कापसासाठी आली, माणसे तिने पुढे नेली.

कंपनीच्या बिऱ्हाडाचे आकारमान पाहिले म्हणजे ही वाट किती अवघड होती ते कळते. रंगवलेल्या पडद्यांच्या गुंडाळ्या, पोशाखांच्या पेट्या, ऑर्गन, सारंगी, तबले, गॅसबत्त्या, आचारी आणि त्याची भांडी, नट, नटांची मुले, शिकवणीला ठेवलेली पोरे, गवई. हे सारे एका रात्रीसाठी हलवणे परवडणारे नव्हते. म्हणून मोठ्या मंडळ्या नागपूर, अमरावती, अकोला अशा ठिकाणी आठवडेच्या आठवडे ठाण मांडत. कंपनीचा एखादा माणूस आधी पुढे जाऊन जागा बघे, गावातल्या मातब्बरांना भेटे. आठवड्याला दोन-तीन खेळ होत, बाकीचे दिवस तालमीचे, बैठकींचे, जेवणावळींचे. मोकळ्या दिवशी एखाद्या वकिलाच्या दिवाणखान्यात गाणे रंगे. तिथल्या नवशिक्याला बड्या गवयाची चीज कानावर पडे आणि कंपनीला गावातला एखादा गोड गळ्याचा पोरगा सापडे. आडगावची माणसे हंगामाचे पैसे हाती आले की मुक्कामाच्या गावी जात, नातलगांकडे उतरत आणि दोन-दोन नाटके पाहून परतत. कंपनी जात नसे तिथे तिची पदे जात.

मुक्कामाचे खरे पीक वऱ्हाड-नागपूरच्या लेखकांत दिसते. श्रीपाद कृष्ण कोल्हटकर नागपुरात जन्मले, खामगाव आणि जळगाव जामोदला वकिली केली आणि त्यांची ‘वीरतनय’ आणि नंतरची काही नाटके किर्लोस्कर मंडळींच्या रंगमंचावर गेली. अमरावतीच्या वीर वामनराव जोश्यांचे ‘राक्षसी महत्त्वाकांक्षा’ ललितकलादर्शने केले आणि ‘रणदुंदुभि’ १९२७ मध्ये दीनानाथ मंगेशकरांच्या बळवंत संगीत मंडळीने. राम गणेश गडकरी कोल्हटकरांना गुरू मानत. आयुष्याच्या अखेरीस ते नागपूरजवळच्या सावनेरला आले आणि ‘भावबंधन’ हातावेगळे करून २३ जानेवारी १९१९ रोजी तिथेच वारले. कंपन्यांनी पुण्या-मुंबईचे नाटक विदर्भाला दाखवले हे अर्धेच चित्र झाले. नाटक लिहून ते पश्चिमेकडे धाडणारे पोस्ट ऑफिस खामगाव-अमरावतीचे होते, ही दुसरी बाजू नाट्येतिहासात घाईने उरकली जाते.

याच काळात कृष्णाजी प्रभाकर खाडिलकरांचे ‘संगीत स्वयंवर’ आले (१९१६). कथा रुक्मिणीची, गाव कुंडिनपूर, रुक्मिणी बालगंधर्वांची, चाली भास्करबुवा बखल्यांच्या. इतर मुलखांत ते पौराणिक नाटक होते. वरदेच्या काठच्या प्रेक्षकाला मात्र गावची माहेरवाशीण भरजरी शालू नेसून मंचावर आल्यासारखे वाटल्यास नवल नाही.

कंपन्या मोडल्या, बोलपट आले, आणि फिरण्याचे काम संस्थांकडे आले. त्यांतली सर्वांत जुनी परंपरा नाट्यसंमेलनाची. १९०५ च्या मुंबईतल्या पहिल्या संमेलनाचे अध्यक्ष अमरावतीचे दादासाहेब खापर्डे. संमेलन गाव बदलत राहिले: १९४३ ला मराठी रंगभूमीच्या शताब्दीला सांगली, २०१५ ला बेळगाव, २०१९ ला नागपूर. नागपूरचे अध्यक्ष प्रेमानंद गज्वी, तेही विदर्भाच्याच मातीतले. तरीही दर वर्षी एक गाव म्हणजे फिरणे फारच संथ. म्हणून शंभराव्या संमेलनाच्या वेळी वेगळा घाट घालण्यात आला. २०२० च्या मार्चमध्ये तंजावरच्या मराठी नाट्यपरंपरेला वंदन करून सांगलीत उद्घाटन, मग गावोगाव फिरून १४ जूनला, गोविंद बल्लाळ देवलांच्या स्मृतिदिनी, मुंबईत समारोप असा तो आराखडा. तंजावरची निवड योग्यच होती. तंजावरच्या शहाजीराजांच्या ‘लक्ष्मीनारायण कल्याण’सारखी मराठी नाटके भाव्यांच्या दीडशे वर्षे आधी तिथे लिहिली गेली. करोनाने सारे थांबवले. शेवटी जानेवारी २०२४ मध्ये जब्बार पटेल यांच्या अध्यक्षतेखाली पिंपरी-चिंचवडला मुख्य संमेलन झाले आणि त्यानंतर विभागीय संमेलने वेगवेगळ्या शहरांत भरली.

कल्पना चांगली, पण तिच्या रचनेत मुक्काम दोन-चार दिवसांचा आणि गाव जिल्ह्याचे. आर्वीसारख्या तालुक्याच्या प्रेक्षकाला नाटकासाठी पुन्हा नागपूर-अमरावतीचीच वाट धरावी लागते, म्हणजे जुन्या कंपन्यांच्या काळात होती तीच. फरक एवढाच की तेव्हा तो पाहुण्यांकडे दोन दिवस राहून येई, आता प्रयोग संपताच परतीची गाडी शोधतो. नागपूरच्या दक्षिण मध्य क्षेत्र सांस्कृतिक केंद्रामार्फत परप्रांतांची पथके विदर्भात येतात, मात्र त्यांचाही मुक्काम थोडक्यातच आटोपतो.

उलट्या दिशेची वाट राज्य नाट्यस्पर्धेने उघडली. १९५४ पासूनच्या या स्पर्धेत प्रेक्षक जागेवर राहतो आणि हौशी संघ केंद्रावर जातो. विदर्भात नागपूर, अमरावती, चंद्रपूर ही नेहमीची केंद्रे. टेम्पोत लेव्हल आणि फ्लॅट भरायचे, सकाळी पोचून दुपारपर्यंत नेपथ्य उभे करायचे, प्रकाशयोजना जमेल तशी बसवायची, संध्याकाळी प्रयोग, रात्री पुन्हा टेम्पो. दुसऱ्या दिवशी मंच दुसऱ्या संघाचा, आणि तो संघ काय करतो हे पाहायला पहिला थांबत नाही, कारण सकाळी प्रत्येकाला नोकरीवर हजर व्हायचे असते. स्पर्धेने शेकडो नट-दिग्दर्शक घडवले यात वाद नाही. पण दोन गावांच्या संघांची गाठ तिथे बहुधा जिन्यात पडते, एकाचे सामान उतरत असताना आणि दुसऱ्याचे चढत असताना.

व्यावसायिक नाटकाचा दौरा आज याहून आटोपशीर आहे. प्रयोग ठरावीक रकमेला विकला जातो, कलाकारांची नाइट, म्हणजे प्रयोगाचे मानधन, ठरलेली, बस रात्री निघते, सकाळी पुढचे गाव. एक दिवस जास्त थांबणे म्हणजे नाट्यगृहाचे भाडे नसले तरी जेवण, लॉज आणि एक बुडालेली नाइट. हा हिशेब चुकीचा नाही, म्हणून तो बदलतही नाही. विदर्भात तो वेगळा जमतो तो फक्त पूर्वेकडच्या धानपट्ट्यात, झाडीपट्टीत. तिथे कापणीनंतर एकेका गावात रात्रभर नाटक चालते आणि नातलग त्यासाठी मुक्कामाला येतात. वडसा-देसाईगंजची नाटकांची बाजारपेठ पुढच्या भागात.