सिंहाच्या शेजारी रानम्हैस

छत्तीसगढच्या कुठल्याही जंगलात आज सिंह नाही. देशातले रानातले सिंह गुजरातेत, गीर आणि त्याच्या आसपास. तरी रायपूरच्या शाळकरी पोरांना सिंह पाहायला काठेवाडात जावे लागत नाही. जाळी लावलेल्या बसमध्ये बसायचे, की एका फेरीत सिंह, वाघ, अस्वल, चितळ सगळे होऊन जाते. ही सोय नवा रायपूरच्या नंदनवन जंगल सफारीने केली. दिवाळीच्या सुट्टीत नागपूर-गोंदियाकडच्या बऱ्याच गाड्या आता तिकडे वळतात.

नागपूर ते रायपूर अंतर तीनेकशे किलोमीटर. नाते त्याहून जवळचे. भोसल्यांचे बिंबाजी १७५८ पासून १७८७ पर्यंत रतनपुरात बसून छत्तीसगढचा कारभार पाहत होते. पुढे इंग्रजी अमलात हा सारा मुलूख मध्य प्रांतात होता आणि त्याची राजधानी नागपूर. १९०० साली पेंड्र्याहून ‘छत्तीसगढ मित्र’ काढणारे माधवराव सप्रे छत्तीसगढमधल्या हिंदी पत्रकारितेचे आद्य पुरुष मानले जातात. घरची भाषा मराठी. तेव्हा रायपूर आपल्याला परके नाही, फक्त आपण तिकडे फिरायला कधी जात नव्हतो. जाण्यासारखे होते काय? १९७९ पासून खारून नदीकाठी जुने नंदनवन होते, पण ते पिंजऱ्यांचे, गावापुरते.

१ नोव्हेंबर २००० ला छत्तीसगढ राज्य झाले, आणि जुन्या रायपूर शहराच्या आग्नेयेला भाताच्या खाचरांत नवी राजधानी आखली गेली. २०१२ मध्ये मंत्रालय तिकडे हलले. रस्ते सहा पदरी आणि माणूस दिसायला मारामार, अशी त्या गावाची पहिली काही वर्षे होती. नुसत्या कचेऱ्यांनी शहर होत नाही, रविवारी बायकापोरांना घेऊन जायला काही लागते. आधी २००६ मध्ये पुरखौती मुक्तांगण झाले. उद्घाटनाला राष्ट्रपती अब्दुल कलाम आले होते. बस्तरची घरे, देवगुड्या म्हणजे देवळे, नाचणारे पुतळे असा तो मोकळा बाग. मग खंडवा गावाजवळ, तिथल्या जलाशयाला धरून, जंगल सफारी आली. १ नोव्हेंबर २०१६ ला पंतप्रधान नरेंद्र मोदी यांनी ती खुली केली. वाघासमोर कॅमेरा धरलेला त्यांचा फोटो तेव्हा सगळ्या वर्तमानपत्रांत होता.

एकूण क्षेत्र ८०० एकर, त्यात पाणीच सुमारे १३० एकर. तृणभक्षींना ७५ एकर. अस्वल, वाघ आणि सिंह यांना प्रत्येकी ५०. प्राणिसंग्रहालयाचा भाग नंतर टप्प्याटप्प्याने झाला. आशियातली सर्वांत मोठी मानवनिर्मित सफारी, अशी जाहिरात चालते. आशियात ‘सर्वांत मोठ्या’ गोष्टी फार आहेत, त्यामुळे तो वाद सोडू. मात्र ‘मानवनिर्मित’ हा शब्द खरा आहे, आणि त्यातच या जागेचे मर्म आहे.

बस पहिल्या फाटकातून आत जाते. ते फाटक मागे बंद होते, कडी लागते, आणि मगच पुढचे उघडते. दोन्ही एका वेळी कधीच उघडी नसतात. मधल्या त्या जागेत बस क्षणभर उभी राहते तेव्हा पोरे एकदम गप्प होतात. जनावर आत आणि आपण बाहेर, हा नेहमीचा हिशेब आता उलटणार हे त्यांना बरोबर कळते. संध्याकाळी वाघ-सिंह आपणहून रात्रीच्या कोठीकडे येतात, कारण खाणे तिथेच मिळते. एवढ्या साध्या सवयीवर साऱ्या सफारीचे वेळापत्रक उभे असते. अशा ठिकाणी मांसाहाऱ्यांना आठवड्यातून एक दिवस उपास घालण्याची रीत आहे. लोकांनाही आठवड्यातून एक दिवस दार बंद ठेवावे लागते. नवा रायपुरात तो सोमवार.

पिंजऱ्याविना जनावर दाखवायची ही युक्ती भारतातली नाही. गज काढून खंदक खणण्याची कल्पना हॅम्बुर्गच्या कार्ल हागेनबेकने १९०७ मध्ये आपल्या उद्यानात रूढ केली. १९६६ मध्ये इंग्लंडातल्या लाँगलीटच्या जहागिरीत सिंहांच्या मधून मोटारी हाकायची सोय झाली. १९९८ मध्ये डिस्नीने फ्लोरिडात ‘अ‍ॅनिमल किंगडम’ काढले आणि पाळणे, जत्रा, जिवंत जनावरे एकाच तिकिटाखाली आणली. आपल्याकडे हैदराबादच्या नेहरू प्राणिसंग्रहालयाने सत्तरच्या दशकात सिंहांची सफारी केली, मुंबईला बोरिवलीतही झाली. पुण्याच्या पिढ्या पेशवे पार्कात वाढल्या: १९५३ चा बाग, १९५६ ची फुलराणी ही छोटी आगगाडी. तिथले पिंजरे आठवून आता कोणाला बरे वाटणार नाही. ते प्राणी पुढे कात्रजच्या प्रशस्त आवारात गेले, हे चांगलेच झाले.

कायद्याचाही यात वाटा आहे. अस्वल, माकड, वाघ, बिबट्या, सिंह यांचे खेळ करायला १९९८ च्या अधिसूचनेने बंदी आली. सर्कशीचा तंबू गेला, पण कुटुंबाला जनावर दाखवायची हौस गेली नाही. ती हौस सफारीकडे आली असे माझे मत आहे, आणि त्यात वाईट काही नाही. प्रश्न वेगळा आहे. या हौसेसाठी कोणते जनावर पुढे उभे करायचे?

छत्तीसगढचा राज्यप्राणी वनभैंसा, म्हणजे आपली रानम्हैस. नराचे वजन हजार किलोच्या वर, शिंगे पाळीव म्हशीहून रुंद, आणि वाघानेही विचार करून अंगावर जावे असा स्वभाव. जगात चार हजारांहून कमी उरल्या, त्यातल्या बहुतेक आसामात. मध्य भारतात इंद्रावतीकाठ आणि उदंती एवढेच आसरे. गाईगुरांचे रोग, शेतीखाली गेलेली कुरणे, आणि पाळीव म्हशींशी होणारा संकर, या तीन गोष्टींनी ती संपत आली. उदंतीत तर मादी एकच राहिली. तिचे नाव आशा.

मग विज्ञानाला हाक गेली. कर्नालच्या राष्ट्रीय दुग्ध संशोधन संस्थेत आशाच्या पेशींपासून क्लोन तयार झाला. या पद्धतीत लागणारे अंडे पाळीव म्हशीचेच असते. १२ डिसेंबर २०१४ ला वासरू जन्मले, नाव दीपआशा. २०१८ मध्ये ती कर्नालहून नवा रायपूरच्या जंगल सफारीत आली. ती रानम्हशीपेक्षा मुऱ्हा म्हशीसारखी दिसते, असा आक्षेप वन्यजीव कार्यकर्त्यांनी घेतला आणि जनुकीय तपासणीची मागणी झाली. आशा २०२० मध्ये गेली. त्याच वर्षी आसामच्या मानसमधून रानम्हशींची जोडी बारनवापारा अभयारण्यात आणली आणि २०२३ मध्ये आणखी चार माद्या. म्हणजे ज्या आवारात सिंहासाठी रांग लागते, तिथेच या राज्याच्या खास जनावराची एवढी मोठी, गुंतागुंतीची, अर्धवट कहाणी येऊन थांबली आहे.

आपल्यालाही यावर हसायचा अधिकार नाही. महाराष्ट्रातल्या रानम्हशी गडचिरोलीच्या कोलामार्कात, इंद्रावतीच्या अलीकडे. २०१३ मध्ये ते संवर्धन राखीव क्षेत्र झाले. राणीच्या बागेत २०१६ ला आलेले पेंग्विन पाहायला मुंबई लोटली. कोलामार्काचे नाव किती जणांनी ऐकले असेल?

अस्वलाचे तसे नाही. महासमुंद जिल्ह्यात बागबाहराजवळच्या चंडीमातेच्या देवळात अस्वले प्रसादाला येतात आणि माणसे हाताने खाऊ घालतात. लोकांना तो देवीचा चमत्कार वाटतो. मला ती धोक्याची सवय वाटते, जनावराला आणि माणसालाही. त्या राज्यातल्या पोराने अस्वल कुठे पाहावे असे विचाराल, तर बसच्या जाळीमागून, असेच मी सांगेन.

पण जाळी सगळ्याला पुरत नाही. २०२३ च्या नोव्हेंबरअखेर याच जंगल सफारीत पाच दिवसांत सतरा चौसिंगे मेले. चौसिंगा म्हणजे चार शिंगांचे छोटे हरीण, जगात फक्त भारत आणि नेपाळात. नाजूक, बुजरे, आणि कळपात रोग शिरला तर हाताबाहेर जाणारे. नागपूरच्या गोरेवाड्यात, जिथली भारतीय सफारी २६ जानेवारी २०२१ ला सुरू झाली, तिथल्या बचाव केंद्रात २०२४ च्या डिसेंबरात तीन वाघ आणि एक बिबट्या बर्ड फ्लूने गेले. दोन्ही ठिकाणी पाहणाऱ्यांसाठीच्या सोयी उत्तम आहेत. बस, उपाहारगृह, सेल्फीची जागा. मोठे असते ते मागचे काम: नव्या जनावराला वेगळे ठेवणे, मांसाची तपासणी, पुरेसे पशुवैद्य, शवविच्छेदनाचा अहवाल वेळेत आणि उघडपणे मांडणे. या गोष्टींची फीत कोणी कापत नाही, म्हणून त्यांना पैसाही उशिरा मिळतो.

वनसंवर्धन कायद्यातल्या २०२३ च्या दुरुस्तीने प्राणिसंग्रहालये आणि सफारींना वनजमिनीवर वाट मोकळी करून दिली. फेब्रुवारी २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यावर आपल्या परवानगीची अट घातली. तेव्हा नव्या सफारींच्या घोषणा होत राहणार, महाराष्ट्रातही होणार. प्रत्येक घोषणेत सिंह, जिराफ आणि झेब्रा असतील. प्रत्येक वेळी विचारावे: पशुवैद्य किती, आणि आपल्या रानातले काय दाखवणार?

नवा रायपूरला अवश्य जा. हिवाळ्यात, सकाळच्या पहिल्या बसने, सोमवार टाळून. सिंह पाहून झाला की गाइडला वनभैंशाबद्दल विचारा, मुलांना विचारायला लावा. दहा जणांनी विचारले की अकराव्याला तो आपणहून सांगू लागेल.